आधी आवक क्रमांक, मग हिशेब

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे साडेतीनशे द्राक्ष बागायतदार सभासद फवारणीची नोंद मोबाईलवरून गुगल फॉर्मवर भरतात. गुगल शीट जड झाली म्हणून नात्यातल्या एका इंजिनिअर मुलाने एन-एट-एन हे माहिती इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर बसवून या नोंदी शीटमधून बिगक्वेरीत, म्हणजे गुगलच्या मोठ्या डेटा-कोठारात, जातील अशी सोय करून दिली. तो आता पुण्याला नोकरीला गेला. काही नोंदी दोनदा दिसतात, काहींची तारीख एक दिवस मागे येते आणि २२ डिसेंबरला काढलेल्या अहवालात २३ ऑक्टोबरच्या आधीचं काहीच नाही. संचालक म्हणतात, पुन्हा वहीवर या. काय करू?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, संचालकांना आठवडाभर थांबायला सांगा. तुम्ही पाठवलेल्या नोंदींच्या चाळीस ओळी मी छापून टेबलावर पसरल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. तिन्ही दुखण्यांची मुळं वेगवेगळी आहेत.

सगळ्यात तातडीचं ऑक्टोबरचं. बिगक्वेरी बँकेचं कार्ड न जोडता वापरायला मिळते, त्याला सँडबॉक्स म्हणतात. त्यात तक्त्यांची आणि तक्त्यातल्या दिवसवार विभागांची मुदत ६० दिवस असते, मग ते आपोआप पुसले जातात. पुढे कार्ड जोडून बिलिंग सुरू केलं तरी आधी लागलेली मुदत आपोआप उठत नाही, ती हाताने काढावी लागते. त्या इंजिनिअर मुलाकडून तेवढंच राहिलं. २२ डिसेंबरपासून ६० दिवस मागे मोजा, २३ ऑक्टोबरच येतो. म्हणजे तक्त्याच्या मागच्या टोकाकडून रोज एक दिवस गळतोय. गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या फवारण्या त्यातच गेल्या. डेटासेटची (तक्ते ज्यात ठेवतात त्या कप्प्याची) आणि तक्त्याच्या विभागांची, दोन्ही मुदती आजच काढून टाका. गेलेल्या नोंदी शीटमध्ये शाबूत आहेत, त्या परत भरता येतील. शीटमधली एकही ओळ कोणाला पुसू देऊ नका.

आता तारीख. तुमच्या कागदावरची सतरावी ओळ पाहा. केवडा रोगासाठी पहाटे पावणेपाचला फवारणी उरकून बागायतदाराने बांधावरूनच फॉर्म भरला. बिगक्वेरी वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तिच्या लेखी ती नोंद आदल्या रात्री सव्वाअकराची. अहवालात त्या वेळेवरून नुसती तारीख काढली की फवारणी एक दिवस आधी झाल्याचं दिसतं. पहाटे साडेपाचच्या आत भरलेल्या प्रत्येक नोंदीचं हेच होणार. ही चूक लहान समजू नका. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे हे औषधागणिक ठरलेलं असतं. तुमचा तक्ता तो काळ एक दिवस आधीच संपल्याचं सांगतो, आणि माल निर्यातीचा असेल तर औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीत तोच दिवस नडतो. उपाय सोपा आहे. क्वेरीत, म्हणजे बिगक्वेरीला माहिती विचारण्याच्या आज्ञेत, तारीख काढताना टाइमझोन एशिया/कोलकाता द्यायचा. त्याहून बरं म्हणजे फॉर्ममध्ये ‘फवारणीची तारीख’ हा वेगळा प्रश्न ठेवायचा, कारण कितीतरी जण सकाळी फवारून रात्री जेवण झाल्यावर नोंद करतात.

दोनदा येणाऱ्या नोंदींचं थोडं सविस्तर सांगते. एन-एट-एन ओळ पाठवतं, बिगक्वेरी ती घेते, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येताना नेट तुटतं. एन-एट-एनला वाटतं पोचलीच नाही, ते पुन्हा पाठवतं. यात कुणाचीच चूक नाही. नोंद हरवण्यापेक्षा ती दोनदा आलेली बरी, म्हणून पुन्हा पाठवण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. खरी अडचण अशी, की दोन्ही ओळी एकाच नोंदीच्या आहेत हे ओळखायला तुमच्याकडे खूणच नाही.

माझे वडील निफाड तालुक्यातल्या एका सोसायटीत कारकून होते. टपाल आलं की आधी आवक क्रमांक पडायचा. पत्र कशाचं, खरं की खोटं, कोणत्या टेबलावर जाणार, हे नंतर. आवक वहीत खाडाखोड त्यांना अजिबात खपत नसे. तुमच्या जोडणीत हा आवक क्रमांक तेवढा नाही.

तो गुगल फॉर्मकडे असतो. प्रत्येक उत्तराला फॉर्म स्वतःचा आयडी देतो, पण तो शीटमध्ये उतरत नाही. म्हणून मधली शीट वगळा. फॉर्मलाच ॲप्स स्क्रिप्टचा, म्हणजे गुगलच्या आज्ञावलीचा, छोटा तुकडा जोडा. कोणी ‘सबमिट’ दाबलं की तो उत्तराचा आयडी, वेळ आणि सगळी उत्तरं उचलून एन-एट-एनच्या वेबहुकवर, म्हणजे माहिती स्वीकारणाऱ्या वेब-पत्त्यावर, पाठवेल. एन-एट-एनने त्यात काही सुधारायचं नाही, जसं आलं तसं बिगक्वेरीतल्या ‘आवक’ नावाच्या तक्त्यात टाकायचं. त्यावर एक व्ह्यू, म्हणजे मूळ तक्त्यातून गाळून दिसणारा तक्ता, बांधा, जो प्रत्येक आयडीची एकच ओळ घेतो. मग तीच नोंद दहा वेळा आली तरी अहवालात एकदाच दिसेल.

याचा मोठा फायदा रात्री कळतो. फॉर्ममधली गेल्या दोन दिवसांची सगळी उत्तरं रोज मध्यरात्री डोळे झाकून पुन्हा पाठवता येतात. लाइट गेली, सर्व्हर बसला, काहीही होवो, राहिलेली नोंद त्या फेरीत येते आणि आलेली दुप्पट होत नाही. फेरीनंतर फॉर्मकडची आणि व्ह्यूमधली संख्या यांचा ताळा घ्या. जुळला नाही तर एन-एट-एनकडून तुमच्या टेलिग्रामवर निरोप येऊ द्या. ऑक्टोबरचा खड्डाही असाच भरेल, फक्त त्या एका वेळी दोन दिवसांऐवजी पूर्ण हंगाम पाठवा.

स्क्रिप्ट लिहिताना प्रश्नाच्या मथळ्यावर विसंबू नका, प्रश्नाचा आयडी घ्या. सातपूरच्या एका कारखान्यासाठी मी अशी जोडणी केली होती. तिथे कोणीतरी शुद्धलेखन सुधारायचं म्हणून ‘मोबाईल नं.’चं ‘मोबाइल क्रमांक’ केलं आणि तीन आठवडे तो रकाना रिकामा येत राहिला. त्या लोकांना पुन्हा फोन करून नंबर विचारावे लागले, ते मला अजून लागून राहिलं आहे. मथळा बदलला तरी प्रश्नाचा आयडी बदलत नाही.

मधली शीट वगळा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या नवव्या ओळीत गट नंबरच्या जागी ‘१२ मार्च’ आहे. शेतकऱ्याने १२/३ लिहिलं, शीटने त्याची तारीख केली. आणि मात्रेच्या रकान्यात कोणी मराठी आकडे लिहिलेत, कोणी इंग्रजी, एकाने ‘दीडशे’ असं अक्षरी. बिगक्वेरी मराठी आकड्यांना संख्या मानत नाही, त्यांचं रूपांतर व्ह्यूमध्ये करा. गाव आणि औषध मात्र फॉर्ममध्येच यादीतून निवडायला द्या. एकट्या पिंपळगावची पाच रूपं मला चाळीस ओळींत सापडली.

एन-एट-एन ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका. छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या नावाने ठेवा, मुलाच्या नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर बिगक्वेरीत दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंतची क्वेरी फुकट आहे. तुमच्या हंगामाच्या वीस हजार नोंदी काही एमबीतच मावतील. शीटचीही मर्यादा १ कोटी चौकटींची आहे, तिच्या तुम्ही जवळपासही नाही. शीट जड झाली ती सूत्रांमुळे. तरीही बिगक्वेरी सोडू नका असंच मी म्हणेन, कारण उद्या पॅकहाउसची आवक आणि प्रयोगशाळेचे अहवाल याच गट नंबरला जोडून पाहता येतील. संचालकांना तो एक अहवाल काढून दाखवा.

प्रश्न : माझे इंदिरानगरमध्ये क्लासेस आहेत. प्रवेशाचे फॉर्म बिगक्वेरीत घेतो. डेटासेट चुकून अमेरिकेत तयार झाला. तो मुंबईला आणता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डेटासेटचं ठिकाण एकदा ठरलं की बदलत नाही. मुंबई निवडून नवा डेटासेट करा, त्यात जुन्याची प्रत घ्या, ओळी मोजून ताळा घ्या आणि मगच जुना काढा. एन-एट-एनमधलं डेटासेटचं नावही बदलावं लागेल, ते हमखास राहून जातं. हात लावताच आहात तर मुलांची नावं आणि पालकांचे नंबर वेगळ्या तक्त्यात काढा आणि तो मोजक्याच लोकांना दिसू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. तुमच्या फॉर्मवर तो प्रश्न मला दिसला नाही. नव्या तुकडीचे प्रवेश सुरू होण्याआधी तो घाला.