अहंकार खोटा असेल तर आत्मज्ञान होतं कुणाला?

तुम्ही विचारलंय की अहंकार मुळातच मिथ्या असेल तर ‘मी ब्रह्म आहे’ हे कळतं कुणाला, आणि अहंकार गेला हे ओळखायचं कसं. पहिल्याचं उत्तर ग्रंथात आहे, ते थोडक्यात देते. दुसरं माझ्या घरात चार वर्षं चाललं होतं.

पंचदशी या अद्वैत वेदान्ताच्या ग्रंथातल्या तृप्तिदीप प्रकरणात विद्यारण्यस्वामी म्हणतात की अज्ञान, आवरण (खरं झाकलं जाणं), विक्षेप (भलतंच भासणं) इथपासून ज्ञान, शोकनिवृत्ती, तृप्तीपर्यंत सातही अवस्था चिदाभासाच्या, म्हणजे बुद्धीत पडलेल्या चैतन्याच्या प्रतिबिंबाच्या. आत्म्याला अज्ञानही होत नाही आणि ज्ञानही. नदी उतरलेले ते दहा जण आठवा. मोजणारा स्वतःला सोडून नऊच मोजतो, दहावा बुडाला म्हणून गळा काढतो, आणि कुणीतरी सांगतो, ‘अरे, दहावा तूच.’ दहावा कुठून नव्याने आला नाही. रडत होता तोच सापडला.

आता आईचं. शेवटची चार वर्षं ती माझ्याकडे मिरजेला होती. विसरण्याचा आजार. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग नातवंडं, मग माझं नाव, शेवटी स्वतःचं. कपाटाच्या आरशातली बाई तिला पाहुणी वाटायची. ‘त्या कधीच्या ताटकळल्यात, त्यांना आधी चहा दे.’ मी आरशापुढे स्टुलावर दुसरा कप ठेवायचे, तेव्हा कुठे ही आपला कप तोंडाला लावायची. तो गारढोण चहा नंतर मी प्यायचे.

थोरला भाऊ दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याहून यायचा. रिटायर झाल्यापासून वेदान्ताच्या वर्गाला जातो. एकदा आईने त्याचा हात धरून विचारलं, ‘मी कोण हो?’ दादाचे डोळे भरून आले. मला म्हणाला, ‘ऐकलंस? रमण महर्षींचा प्रश्न! तिचा अहंकार गळून पडलाय. आपण जन्मभर धडपडतो ते तिला आपोआप साधलं.’ (‘मी कोण?’ हे स्वतःलाच विचारत राहा, ही तमिळनाडूतल्या या संतांची शिकवण.) मी ओली चादर बदलत होते. म्हटलं, ‘दादा, ते टोक धर जरा.’ तर म्हणतो, ‘कर्ता कुणीच नसतो गं.’

म्हणून स्पष्ट लिहिते, विसरणं म्हणजे ज्ञान नव्हे. नुसतं अहंकार नसण्याने मोक्ष मिळता तर रोज रात्री अख्खं गाव मुक्त झालं असतं. गाढ झोपेत अहंकार लीन होतो, अज्ञान बीजरूपाने तसंच राहतं, म्हणून तर सकाळी उठल्यावर कालचीच भांडणं पुढे सुरू होतात. अंधुक उजेडात दोरी साप वाटते, तसंच हे. अंधार आणखी दाटला की तो दोरीवरचा साप दिसेनासा होतो. त्याला कुणी दोरी कळली म्हणेल का?

आणि आईचा अहंकार गळालाही नव्हता. उशाशी पितळी पानाचा डबा असायचा, आत अडकित्ता. पान कधीच सुटलं होतं. पण पुसायला म्हणून डबा उचलला तरी ‘माझाय तो!’ म्हणून मनगटात नखं रुतवायची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच ‘अहमिदं ममेदम्’ अशी जोडी सांगितली आहे, हा मी आणि हे माझं. आईच्या बाबतीत पहिलं पुसट झालं, दुसरं शेवटपर्यंत घट्ट होतं.

राहता राहिले रमण महर्षी. १९१४ मध्ये त्यांची आई तापाने फणफणली तेव्हा ती बरी व्हावी म्हणून त्यांनी अरुणाचलाला, म्हणजे शिवरूप मानलेल्या डोंगराला, साकडं घालणारे श्लोक रचले. पुढे ती त्यांच्याचपाशी राहिली. १९ मे १९२२ ला गेली, त्या दिवशी ते तिच्याजवळ बसून होते, एक हात छातीवर, एक डोक्यावर. कर्ता कुणी नाही म्हणून उठून गेले नाहीत. हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, ‘तू शब्दांत अडकतेस.’

तर ओळखायचं कसं? दुसऱ्याचं सांगताच येत नाही. पण ‘मी कर्ता नाही’ म्हणणाऱ्याला भोक्ता कोण ते विचारून बघा. आमच्या दादाला जेवायला दीडच्या आत लागायचं, आणि भाकरी गरम.

हेही सांगायला हवं की चिदाभास हे अद्वैतातलं एकमेव उत्तर नाही. अद्वैताच्या दोन शाखांपैकी विवरणवाले प्रतिबिंबाला बिंबाहून, म्हणजे मूळ वस्तूहून, वेगळं मानत नाहीत, भामतीवाले घटाकाशाचा, म्हणजे घड्यामुळे वेगळं भासणाऱ्या आकाशाचा, दाखला देतात. मी गुरूपाशी बसून शिकलेली नाही. वडिलांच्या जुन्या पोथ्या आणि आई झोपल्यावरच्या दुपारी, एवढंच भांडवल. आणि दादाची साधना ढोंग आहे असं मला म्हणायचं नाही. आई गेल्यावर तो माझ्याहून जास्त रडला.

पितळी डबा माझ्याकडे आहे. अडकित्ता दादाने तेराव्याला मागून नेला. म्हणाला, तो माझा आहे, आईने लहानपणीच मला कबूल केला होता.