समुद्राला दोन काठ असतात का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. पाचोरा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. गोष्ट वाचून झाली की मी तात्पर्य विचारते. गोष्ट कसलीही असो, मुलं एका सुरात 'नेहमी खरे बोलावे' म्हणतात आणि मोकळी होतात. मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की चित्रांच्या पुस्तकांतून आणि सिनेमातून मुलांशी तत्त्वज्ञान बोलता येतं. पण माझं शिक्षण डी.एड.चं. शंकराचार्य, प्लेटो काही वाचलेलं नाही. मला हे जमेल का?

उत्तर : बाई, नक्की जमेल. आधी तात्पर्य विचारणं थांबवा. तात्पर्य विचारलं की मुलाला कळतं, बाईंना उत्तर ठाऊक आहे, आता ते फक्त ओळखायचंय. तिथंच त्याचा विचार थांबतो.

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावात मी दर शनिवारी मुलांबरोबर बसते. एकदा लिओ लिओनी यांचं 'फिश इज फिश' (1970) हे चित्रपुस्तक नेलं होतं. पुस्तक उघडण्याआधी मुलांना म्हटलं, समुद्र काढा. 22 मुलं होती आणि समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. बहुतेकांच्या समुद्राला दोन काठ होते! एकीनं पलीकडच्या काठावर केळीची बाग काढली होती. एकानं मधून पूल टाकला होता आणि पुलावरून लाल एसटी चालली होती.

चित्रं भिंतीला लावली आणि मग गोष्ट सांगितली. बेडूक तळ्याबाहेर फिरून येतो आणि मित्राला, म्हणजे माशाला, पक्षी, गाय, माणसं कशी असतात ते सांगतो. मासा मनात जे बघतो ते पानावर असतं : पंख असलेला मासा, शिंगं आणि सड असलेला मासा, कपडे घातलेला मासा. गायीच्या पानावर मुलं खूप हसली. हसू थांबल्यावर मी एवढंच विचारलं, "बेडूक खोटं बोलला का?"

"नाही," सगळे म्हणाले. मग माशाचं चुकलं कुठं? पूल काढणारा मुलगा उठून भिंतीपाशी गेला, आपल्या चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, समुद्राला पलीकडचा काठ नसतो का?" त्यानंतर अर्धा तास मला काही विचारावंच लागलं नाही. गाय न पाहिलेल्याला गाय कशी सांगायची, यावर मुलं आपसांत भांडत होती.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं 1781 साली एका जाडजूड ग्रंथात हाच प्रश्न धरला होता : जग जसं आहे तसं आपल्याला कळतं, की आपल्या मनाच्या साच्यातून गाळून कळतं? कांटचं नाव मी मुलांपुढे काढलं नाही. तुम्हीही काढू नका, त्याची काही गरज पडत नाही.

चित्रं म्हणाल, तर जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे. सहल नेणारच असाल, तर 17 नंबरच्या लेण्यात थांबा. गाइड घाईनं पुढे नेतात, तरी थांबा. तिथं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलंय. विश्वंतर हा दानशूर राजपुत्र. पाऊस आणणारा पांढरा हत्ती तो दान करतो, म्हणून त्याला राज्याबाहेर काढतात. वनात एक म्हातारा ब्राह्मण येऊन त्याची दोन मुलं मागतो, आणि तो तीही देतो. पाली कथेत मुलं भिऊन तळ्यात लपतात आणि बापच त्यांना हाक मारून बाहेर काढतो. शेवटी सगळे परत भेटतात. पण आमच्या मुलांना शेवट ऐकायचाच नव्हता. चौथीतला एक जण तिथंच, अंधारात, तावातावानं म्हणाला, "पोरे काय त्यान्या म्हशी शेतस का?" (मुलं काय त्याच्या म्हशी आहेत का?)

मी गप्प राहिले. बौद्ध परंपरेत हे दानाचं सर्वोच्च उदाहरण मानतात. पण 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजा नागसेन भिक्खूला नेमकं हेच विचारतो, की मुलांना इतकं दुःख देणारं दान चांगलं कसं? नागसेन त्याला लांबलचक उत्तर देतो. ते मला अजून पुरतं पटलेलं नाही, आणि मी मुलांना तसं सांगितलंही.

आणि तत्त्वज्ञान मोठ्यांचा विषय, असं आपण खानदेशातल्या बायांनी तरी म्हणू नये. गिरणीमालक प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभारली ती 1916 साली. तिथं शिकायला आलेले साने गुरुजी पुढं त्याच गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागले.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याच्याबरोबर बसून बघावा असा एखादा मराठी सिनेमा सांगाल का? (एक पालक, धुळे)

उत्तर : 'श्वास' (2004). डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे. डॉक्टर म्हणतात, मुलाला हे सांगायलाच हवं. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथं सिनेमा थांबवा आणि मुलाला विचारा, "तुला सांगितलेलं आवडेल का?" त्याचं उत्तर काहीही आलं तरी समजूत घालायला धावू नका. मात्र घरात नुकतंच मोठं आजारपण येऊन गेलं असेल, तर हा सिनेमा सहा महिने पुढे ढकला.

प्रश्न : वर्गात 30 मुलं आणि पुस्तकाची एकच प्रत. चित्रं सगळ्यांना दाखवायची कशी? (एक शिक्षक, शहादा)

उत्तर : अर्धगोलात जमिनीवर बसवा, बुटकी पुढे. पुस्तक छातीशी धरा, मजकुरावर कागदाची पट्टी लावा आणि आधी नुसतं चित्र फिरवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मागच्या मुलांना उठून जवळ यायची मुभा द्या. ती येतात, चित्रावर बोट ठेवतात, बोटांचे डाग पडतात. पुसू नका. पुढच्या खेपेला ती तोच डाग शोधतात आणि तिथूनच बोलायला लागतात.