लहान आहोत, बरं मग?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढ्या अफाट विश्वात आपण कोण, मग परीक्षा, नोकरी, रुसवेफुगवे हे सगळं कशासाठी, हा प्रश्न तुझ्या वयात पडायलाच हवा. पण कशालाच अर्थ नाही, असं जे परस्पर ठरवून टाकलं आहेस, ते काही मला पटलेलं नाही.

लहान तर आहोतच, त्यात घासाघीस नको. सूर्याचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पोचतो, त्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा यायला ४ वर्षांहून जास्त लागतात, आणि आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला प्रकाशालाच सुमारे १ लाख वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. त्यात माणूस आला तो शेवटच्या ३ लाखांत. पण आकारावरून मोल ठरतं, हे कोणी सांगितलं? गुरूच्या आकारमानात १,३०० पृथ्व्या मावतील, म्हणून कोणी त्याचा सल्ला घ्यायला जात नाही. आणि आकाशगंगा कितीही रुंद असो, दाढ दुखायची ती दुखतेच.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपण किती लहान आहोत, हे आपल्याला कळलं कसं? १९२० साली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व, असं मानणारे नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. त्याआधीच हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेविट काचेच्या फोटोप्लेटा तपासत बसायच्या: एकच ठिपका, निरनिराळ्या रात्री, आज किती तेजस्वी, तेव्हा किती. कंटाळवाणं काम, वरून पगार तुटपुंजा. १९१२ मध्ये छोटा मॅगेलन मेघ या ताऱ्यांच्या समूहातल्या २५ रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांवरून त्यांनी नियम मांडला: तारा मुळात जितका तेजस्वी, तितका त्याला उजळून-मंदावून पुन्हा उजळायला जास्त वेळ लागतो. तो काळ मोजला की खरं तेज कळतं, दिसणारं तेज त्याच्याशी ताडलं की अंतर निघतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी समूहातल्या धूसर पट्ट्याचा फोटो घेतला. प्लेटवर एका ताऱ्यापाशी त्यांनी नवतारा (नोव्हा, म्हणजे अचानक उजळणारा तारा) म्हणून 'एन' लिहिलं होतं. जुन्या प्लेटांशी ताडल्यावर ते खोडून 'व्हीएआर!' म्हणजे रूपविकारी असं लिहिलं, उद्गारचिन्हासकट. तारा लेविटबाईंच्या नियमात बसणारा निघाला. अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज ते २५ लाख मानतात. आकडा बराच चुकला, पण तो पट्टा म्हणजे आपल्याबाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, आहे, हे पक्कं झालं. लेविट १९२१ मध्येच वारल्या होत्या. आपण धुळीचा कण म्हणून त्यांनाही प्लेटा बाजूला सारता आल्या असत्या की!

तेव्हा आधी एक काम कर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चंद्र नसलेल्या रात्री, दिव्यांपासून लांब जा. मोबाइल खिशातच राहू दे. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि स्क्रीनकडे एकदा पाहिलं की ती फुकट. उत्तरेकडे तोंड करून, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या वरच्या बाजूला देवयानीचा तो पट्टा शोध. रोखून पाहिलंस तर पुसट होईल, जरा बाजूला बघ. डोळ्याच्या पडद्यावर मधल्यापेक्षा कडेचा भाग मंद उजेड चांगला टिपतो. दिसला की कळव, मग अंतराचं गणित कसं मांडायचं ते पुढच्या पत्रात लिहितो.