मोचिमोचि म्हणजे नुसतं मऊ नव्हे

प्रश्न असा आहे: "जपानी पाककृतींचे व्हिडिओ मराठीत उतरवते आहे. मोचिमोचि, फुवाफुवा, पुरुपुरु, पुरिपुरि हे शब्द सारखे येतात आणि मी सगळीकडे 'मऊ' नाहीतर 'लुसलुशीत' लिहून मोकळी होते. यांत फरक आहे का?"

आहे, आणि तो मऊपणा कमी की जास्त एवढाच नाही. आपण हात लावल्यावर, हलवल्यावर, चावल्यावर ती वस्तू काय करते, हे यातला एकेक शब्द सांगतो. मी जपानी शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी टेबलावर कस्टर्डची वाटी बशीत उपडी केली आणि बशीला बोटानं टिचकी मारली. कस्टर्ड थरथरलं. "पुरुपुरु." मग स्वतःच्या गालात बोट रुतवून काढलं. "पुनिपुनि." लहान बाळाचे गाल, मांजराच्या पंजाखालच्या गाद्या यांना हा शब्द. पुरुपुरु डोळ्यांना दिसतं, पुनिपुनि बोटाला कळतं. ताटलीत थरथरणारा खरवस मला त्या दिवसापासून पुरुपुरुच वाटतो.

फुवाफुवा म्हणजे हवा भरलेलं, हलकं: ढग, पीस, फेटलेल्या अंड्याचं ऑम्लेट. यातला 'फ' जपानी माणूस दोन ओठांमधून हळूच फुंकर घातल्यासारखा उच्चारतो; शब्द म्हणतानाच तोंडातून हवा जाते. त्याच्या शेजारचा फुकाफुका मात्र जाड आणि आत रुतू देणारा. उन्हात वाळवलेली गादी फुकाफुका, वाफवलेला बन फुकाफुका. आपली 'गुबगुबीत गादी' इथे नेमकी बसते.

पुरिपुरि नेमक्या शिजलेल्या कोळंबीचं. दात लागला की आधी ती ताठ राहते आणि मग टच्‌कन तुटते. कणसाला किंवा शेंगेला आपण 'टंच' म्हणतो, तो भाव जवळचा. (माणूस रागानं फुरंगटला तरी पुरिपुरिच म्हणतात.)

आता मोचिमोचि. 'मोची' हा चिकट तांदूळ वाफवून, उखळीत कुटून केलेला गोळा. त्या तांदळाच्या स्टार्चमध्ये जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन हा चिकटपणा देणारा प्रकारच असतो, म्हणून तो इतका चिकट होतो आणि ओढला की ताणला जातो. मोचिमोचि म्हणजे तसं: मऊ, पण दाताला सहज न सोडणारं. पाव मोचिमोचि असतो, नितळ भरलेली त्वचाही मोचिमोचि असते. जाता जाता, जपानीत पावाला 'पान' म्हणतात. त्यांचा पान आणि आपला पाव दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेला एकच शब्द.

तुमची खरी अडचण इथेच आहे असं मला वाटतं. दाताला प्रतिकार करणाऱ्या पदार्थासाठी मराठीत चिवट, चामट, वातड असे शब्द आहेत, आणि बहुतेक वेळा ती तक्रार असते. पोळी चिवट झाली, चिवडा वातड झाला. कौतुक करायचं तर आपण पोळीला लुसलुशीत म्हणतो, म्हणजे ती दाताला अजिबात अडवत नाही. जपानीत अडवण्याचंही कौतुक होतं. उदोन नूडल्स चांगल्या असल्या की त्यांना 'कोशी' आहे म्हणतात. कोशी म्हणजे कंबर! त्या शिकोशिको लागतात, म्हणजे चावताना घट्टपणा जाणवतो.

ध्वनीचं गणितही पाहा. 'प'चा 'ब' झाला की वस्तू जड होते. पुयोपुयो म्हणजे गुबगुबीत, बुयोबुयो म्हणजे थुलथुलीत, नकोसं. पुरुपुरु म्हणजे हलकी थरथर, बुरुबुरु म्हणजे थंडीनं भरलेलं कापरं. आपल्याकडे थेंब टपकन पडतो आणि पोतं धपकन पडतं, तशीच ही जाणीव. द्विरुक्ती गेली की हालचाल एकदाच घडते: पुरुन म्हणजे एकदाच थरथरलं. अशा ध्वनी नसलेल्या गोष्टींच्या शब्दांना जपानीत 'गितायगो' म्हणतात. मराठीला त्यात परकं वाटू नये: 'लुसलुशीत'ला तरी कुठे आवाज असतो?

म्हणून व्हिडिओत 'लुसलुशीत' हा शब्द मोचिमोचिला देऊ नका. फुवाफुवाला 'हलकाफुलका', फुकाफुकाला 'गुबगुबीत', पुरुपुरुला 'थरथरतं', पुरिपुरिला 'टंच' चालेल. मोचिमोचिच्या जागी मी 'मऊ आणि लवचिक' लिहीन, आणि पाव फाडतानाचं दृश्य असेल तर 'ओढला की ताणतो असा मऊ पाव'.