नुसत्या टक्क्यांवर जाऊ नकोस

अगं, ९७ टक्के पाहून अमेरिकेतलं नामांकित विद्यापीठ हुरळून जात नाही. तुझे गुण ते तुझ्याच शाळेच्या संदर्भात बघतात: कोणते विषय उपलब्ध होते, त्यातले अवघड तू घेतलेस का? म्हणून शाळेचा परिचय मुख्याध्यापकांकडून नीट लिहून घे. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, अभ्यासाबाहेरचे उपक्रम १०च बसतात, प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. तिथे प्रमाणपत्रांची रास नको. धाकट्या भावाला रोज सांभाळतेस ना, तेही लिही, खरंच चालतं! ६५० शब्दांचा निबंध मात्र एजंटकडून लिहून घेऊ नकोस, वाचणाऱ्याला लगेच वास येतो. एमआयटीला एसएटी किंवा एसीटी यांपैकी एक प्रवेश-चाचणी लागतेच. आणि पैशांचं आधी बघ: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन निवडताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत, बाकी बरेच बघतात.