बेडखालून न निघणारी मांजरी

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या पार्किंगमधली साधारण वर्षभराची मांजरी पावसामुळे वर आणली, आठवडा झाला बेडखालीच आहे, सगळे झोपल्यावर खाते, हात पुढे केला की फिस्कारते, आणि सासूबाई म्हणतायत हिला खाली सोडून ये, ही काही माणसाळायची नाही. मला विचाराल तर आठवडा म्हणजे काहीच नाही हो. रात्री का होईना वाटी रिकामी होतीये ना, मग एवढं टेन्शन घेऊ नका.

आधी वॉचमनकडे चौकशी करा. खाली असताना ती कुणाच्या पायात घुटमळायची का, त्याच्या डब्यातलं मटकवायची का, की माणूस दिसला रे दिसला की गाडीखाली पळायची? पायात घुटमळणारी असेल तर ती तुम्हाला नाही, घराला घाबरलीये, मिक्सर, कुकरची शिट्टी, फरशीवर सरकणाऱ्या खुर्च्या हे सगळं तिला नवीन आहे, काही आठवड्यांत रुळेल. पण कायम पळणारी असेल तर गोष्ट वेगळी. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागते ती मुख्यतः 2 ते 7 आठवड्यांच्या वयात, तेव्हा माणसाचा हात लागला नसेल तर मोठेपणी महिनोन्महिने जातात, आणि कधीकधी शेवटी एवढंच होतं की ती तुमच्यापासून दोन हातांवर निवांत झोपते पण मांडीवर कधीच येत नाही. हे चालणार असेल तरच पुढे जा, कारण मांडीवर बसणारी मांजर हवी म्हणून हिच्यामागे लागलात तर दोघींचे हाल.

आता मेन मुद्दा. तिला बाहेर काढायचे सगळे उद्योग बंद करा. झाडू घालून हुसकावणं नाही, मोबाईलचा टॉर्च मारून बघणं नाही, पाहुण्यांना दाखवणं तर अजिबात नाही. तुम्ही प्रत्येक वेळी वाकून बेडखाली बघता तेव्हा तिच्या दृष्टीने शिकारी बिळाच्या तोंडाशी आलेला असतो. जुनी माणसं म्हणतात ना, कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, त्यात तथ्य आहे, आधी जागा तिची होऊ द्या. अख्खं घर नको, एकच खोली द्या, दार बंद. बेडखाली हात पोचत नाही म्हणून तिथे तुम्हाला काही करताच येत नाही, तर ती रात्री तिथून बाहेर पडली की बेडखालची जागा ट्रंक नाहीतर जुन्या उशा लावून बंद करा आणि त्याआधीच कोपऱ्यात एक पुठ्ठ्याचा खोका ठेवून द्या, दोन बाजूंनी भोकं पाडून, आत जुनी सुती साडी. लपायला जागा पाहिजेच, फक्त ती तुम्ही ठरवलेली हवी. शी-शूसाठी लिटर, म्हणजे मांजरांसाठी विकत मिळणारी वाळू, नसेल तर पसरट घमेल्यात खालचीच माती घाला, तो वास तिच्या ओळखीचा आहे, मग हळूहळू लिटर मिसळत जा. घमेलं आणि खाण्याची वाटी मात्र लांब लांब.

खाण्याचं बोलू. वाटी दिवसभर भरलेली ठेवू नका, नाहीतर तिला तुमची गरजच काय? सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी द्या, अर्ध्या तासाने उचला, आणि ती खाईपर्यंत खोलीतच बसा, पण दाराजवळ, जमिनीवर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. पहिले काही दिवस तुमच्यासमोर खाणार नाही, तेव्हा रात्रीची वाटी चालू ठेवा, उपाशी ठेवून माणसाळवायचा प्रकार करू नका, दोन-तीन दिवस मांजराच्या पोटात काही गेलं नाही तर लिव्हरवर परिणाम होतो आणि ते जिवावर बेतू शकतं. अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर सरळ व्हेटला फोन. दूध बंद करा, मोठ्या मांजरांना बहुतेकदा पचत नाही, जुलाब होतात. सुकट-बोंबील खारट, ते पण नको. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन बेस्ट.

तेच चिकन थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या टोकाला माखून खोक्याच्या तोंडाशी धरा. धरा म्हणजे जमिनीवर टेकवा, तिच्या नाकासमोर नाचवू नका. आधी मान लांब करून नुसता वास घेईल, मग एक चाटण आणि पटकन मागे, परत येईल. हात स्थिर ठेवायचा, दुखला तरी. चमचा चाटताना तिचे कान बघा, पुढे वळलेले असतील तर दुसऱ्या दिवशी दांडा थोडा जवळ पकडा, बाजूला नाहीतर मागे चपटे झाले तर परत लांब. असं करत करत चमच्याच्या जागी तुमचं बोट येतं. आमच्या ठमीने बोट चाटलं आणि लगेच फिस्कारली पण, दोन्ही एका दमात! तसं झालं तर रागावू नका, हात झटका देऊन मागे घेऊ नका.

डोळे रोखून बघायचं नाही. बघितलंच तर पापण्या सावकाश मिटायच्या, सावकाश उघडायच्या आणि नजर वळवायची. मला हे आधी थोतांड वाटायचं, पण 2020 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून बघितलं, अनोळखी माणसाने असे डोळे मिटले तर मांजरं त्याच्या हाताजवळ जास्त येतात असं दिसलं.

पहिला स्पर्श तिने करायचा. मूठ सैल करून बोटांची पेरं तिच्या नाकाच्या उंचीवर धरा, तिने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा खाजवा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं, परत मागते का बघा. पोटाला हात नाही, उचलणं नाही, मानगूट धरणं नाही. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं की तुमची वेळ संपली.

ओरबाडलं किंवा चावली तर मात्र हळद लावून गप्प बसू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीज मांजरामुळेही होतो.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना संध्याकाळचा हरिपाठ त्याच खोलीत करायला सांगा. मस्करी नाही करत. ठरलेली वेळ, एका जागी बसलेलं माणूस, एका लयीतला आवाज आणि मांजराकडे लक्षही नाही, घाबरलेल्या जनावराला याहून चांगली सोबत कुठली? बऱ्याच घरांत मांजर शेवटी सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्याचंच होतं.

आणि हो, खिडक्यांना कबुतरांची जाळी आत्ताच लावून घ्या, घाबरलेली मांजर चौथ्या मजल्यावरून पण उडी मारते. तिचं पोट वाढतंय का त्यावरही लक्ष ठेवा, वर्षाची बाहेरची मांजरी म्हणजे गाभण असू शकते. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालंय. नसेल तर चमच्याने खायला लागली की कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, उघडा करून खोलीतच ठेवा, जेवण त्यात द्यायला लागा, म्हणजे लस आणि ऑपरेशनसाठी नेताना पकडापकडी होणार नाही. महिना-दोन महिन्यांनीही ती खिडकीवर धडका देत असेल, खाणं टाकत असेल, तर ऑपरेशन आणि लस करून तिच्या ओळखीच्या पार्किंगमध्येच सोडा आणि रोज खाली जाऊन खायला घाला, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण ते आत्ता ठरवू नका. वॉचमन काय म्हणाला ते कळवा, मग चमच्याचं केव्हा सुरू करायचं ते बघू.