आई आयसीयूतून म्हणाली, 'हे लोक मला विष देताहेत'

एप्रिल २०२१. इंदूरच्या दवाबाजारात कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी गर्दी उसळली होती. तिथूनच रामबागेतल्या एका गृहस्थांचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"ताई, आईचं डोकं फिरलं का हो? काल रात्री व्हिडिओ कॉलवर म्हणाली, हे लोक मला विष देताहेत, तूच मला इथे टाकून गेलास."

आई ६८ वर्षांच्या, आयसीयूत बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र). भेटायला परवानगी नाही. मी विचारलं, सकाळी कशा असतात? सकाळी ठीक, म्हणाले. जास्वंदीला पाणी घातलं का, असंही विचारते. दिवस कलला की बिनसतं, कोपऱ्यात वारलेले बाबा दिसतात.

दिवसभरात असं भान येणं-जाणं म्हणजे बहुधा डिलिरियम, आजारपणात अचानक होणारा तात्पुरता भ्रम. ते वेड नव्हे, आणि मनात दडलेलं खरं बाहेर पडलं असंही नव्हे. कमी पडणारा ऑक्सिजन, ताप, स्टेरॉइड, झोपमोड, रात्रंदिवस जळणारे दिवे, पीपीई किटमुळे एकही चेहरा न दिसणं. वयस्कर माणसाला यातलं थोडंही पुरतं. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा, म्हटलं. यामागे नवा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं असू शकतं. "आई वेडी झाली म्हणतील" या धास्तीने मुलाने ते डॉक्टरांपासून लपवलं होतं.

धावपळीत आईंचा चष्मा आणि कानाचं मशीन घरीच राहिलं होतं! मला तर या वस्तू इंजेक्शनइतक्याच मोलाच्या वाटतात. पिशवीत घालून, नाव लिहून आत पाठवायला लावल्या. फोन रात्री नको, सकाळी ठरल्या वेळी, दोन-तीन मिनिटं: "आई, मी बोलतोय. आज मंगळवार. तू दवाखान्यात आहेस, श्वासासाठी मास्क लावलाय." विषाचं निघालं तर वाद नाही, होला हो नाही, "भीती वाटतेय ना? मी बाहेरच आहे," एवढंच.

मग त्यांनी अडखळत विचारलं, काका कोविडने गेले, ते आईला सांगू का? भान गढूळ असताना नको, मी म्हटलं. बातमी लक्षात राहत नाही, धसका राहतो. आईंनी थेट विचारलंच तर मात्र खोटं बोलू नका. (यावर मानसिक आरोग्याच्या माझ्या व्यवसायातही एकमत नाही.)

"टाकून गेलास" हे मुलाच्या डोक्यातून जाईना. दिवसभर औषधासाठी हिंडायचे. थांबले की तेच ऐकू यायचं. त्यांच्या उज्जैनच्या ताईंनी दिवसाआड दवाखान्याचे फोन घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे हे झोपले.

आईंचा भ्रम हळूहळू ओसरला. घरी आल्यावर त्यांना अर्धंमुर्धं आठवायचं आणि लाज वाटायची: "त्या नर्सपोरीला काय काय बोलले रे मी!" अशा वेळी "जाऊ दे, विसर" म्हणून गप्प करू नये, बोलू द्यावं. महिन्याभरानंतरही रुग्णाला किंवा नातेवाइकाला तीच दृश्यं झोपू देत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे, मोफत आणि चोवीस तास.